दरबारातील ‘बेजुबान’ आणि आजची कचेरी



मी शाळेत इतिहास शिकवितो. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, अशी अनेकांची समजूत असते. परंतु कधी कधी अगदी घरातला, पोटापाण्याचा प्रश्न समोर येऊन उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाचीच पाने चाळावी लागतात. असाच एक प्रश्न मला एका पालकसभेत विचारला गेला. सभा संपली, चहा झाला, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र दाराशी थांबून राहिले होते. यंत्रमागावर काम करणारे, साधे, कष्टाळू. ते म्हणाले, “सर, पोरगा अभ्यासात बरा आहे, हे तुम्हीच सांगता. दहावी होईल, पुढेही शिकेल. पण त्याला ऐकू येत नाही. त्याला काम कोण देणार?”

मी म्हणालो, “होईल काहीतरी, इन्शाअल्लाह.” हे उत्तर नव्हते, हे त्यांनाही कळले आणि मलाही. ते सलाम करून निघून गेले.

त्या मुलाविषयी एक गोष्ट येथे कबूल केलीच पाहिजे. तो पाचवीत माझ्या वर्गात होता. त्या वेळी त्याला थोडेफार ऐकू येत असे, पुढे तेही कमी होत गेले. मी फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरा बोलत असे. त्याची वही अर्धवट राहायची. हा मुलगा लक्ष देत नाही, असा ग्रहच मी करून घेतला आणि दोन-तीनदा त्याला वर्गात मागे उभेही केले. एके दिवशी त्याच्या बाकावरचा सोबती चाचरत म्हणाला, “सर, तो तुमच्या तोंडाकडे बघून समजून घेतो. तुम्ही फळ्याकडे वळलात की त्याला काहीच कळत नाही.” दहा वर्षांच्या मुलाला जे दिसले, ते बी. एड. झालेल्या शिक्षकाला दिसले नव्हते. दोष मुलाच्या कानात होता की माझ्या उभे राहण्याच्या पद्धतीत?

वाचकहो, आज मला जे सांगावयाचे आहे, ते या एकाच प्रश्नात साठलेले आहे. कर्णबधिर माणसाला काम जमत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण कामाची जागाच अशी रचलेली असते की तिथे कानाशिवाय पाऊल टाकता येऊ नये. मग अडते ते माणसामुळे की जागेमुळे? इतिहासात अशाही जागा होऊन गेल्या आहेत, की जिथे कर्णबधिरांचे काहीही अडले नाही. त्यांपैकी एक जागा तर साक्षात बादशहाच्या महालात होती.

तोपकापी महालातील शांतता

1453 मध्ये सुलतान दुसरा मेहमद, ज्याला इतिहास ‘फातिह’ म्हणून ओळखतो, त्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले. पुढे त्याने तेथे एक नवा महाल बांधविला. तोच आज इस्तंबूलमधील तोपकापी म्हणून प्रसिद्ध आहे. या महालात एकामागोमाग एक चौक होते. बाहेरच्या चौकात माणसांची वर्दळ असे. जसजसे आत जावे, तसतसा आवाज कमी होत जाई. अगदी आतल्या चौकात, जिथे सुलतानाचा वावर असे, तिथे मोठ्याने बोलणे म्हणजे बेअदबी समजली जाई. सुलतानासमोर कुजबुजणेसुद्धा अदबीला धरून नव्हते. सोळाव्या शतकात, सुलेमान सुलतानाच्या काळात तर हा शांततेचा रिवाज अधिकच कडक झाला.

आता पहा, जिथे बोलायचे नाही तिथे कामे कशी चालावयाची? पाणी आणा, दार लावा, अमक्याला बोलवा, ही कामे तर रोजचीच. या अडचणीवर दरबारापाशी उत्तर तयार होते. महालात जन्मतः बहिरे आणि म्हणून न बोलणारे सेवक पंधराव्या शतकापासून होते. तुर्कीत त्यांना ‘दिलसिझ’ म्हणत. दुसरा शब्द फारसीतून आलेला, ‘बीझबान’. उर्दू जाणणाऱ्या आपल्या वाचकांना तो परका वाटणार नाही. आपल्याकडच्या ‘बेजुबान’चाच तो भाऊ. या सेवकांची आपापसांत हातांची, चेहऱ्याची, नजरेची भाषा होती. दरबाराने ती भाषा उचलली.

या ठिकाणी थोडे थांबून विचार करा. साधारणपणे काय होते? बहिऱ्या माणसाने आपल्यासारखे व्हावे, आपले ओठ वाचावेत, आपल्यासारखे बोलण्याचा यत्न करावा, अशी अपेक्षा आपण करतो. तोपकापीत उलटे घडले. ऐकू येणाऱ्यांनी बहिऱ्यांची भाषा शिकून घेतली. महालात शिक्षण घेणारे तरुण पाज, ज्यांच्यातून पुढे वजीर आणि सुभेदार निपजत, तेही ती शिकत. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसचा वकील म्हणून इस्तंबुलात राहिलेल्या ओत्ताविआनो बोन याने या खुणांच्या भाषेविषयी लिहून ठेवले आहे. 1660 च्या दशकात तेथे असलेला इंग्रज पॉल रायकॉट यानेही तिचे वर्णन केले आहे. या परदेशी मंडळींना मोठे नवल वाटले ते हे, की ही भाषा केवळ ‘ये, जा, आण’ एवढ्यापुरती नव्हती. तिच्यात गोष्टी सांगता येत, धर्माच्या बाबी सांगता येत, आणि दरबारातील बहुतेक साऱ्यांना ती अवगत होती.

रायकॉटच्या वर्णनातील आणखी एक बाब शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. महालातील जुने, वयस्क दिलसिझ नव्याने आलेल्या लहान दिलसिझांना ही भाषा शिकवीत. म्हणजे तिथे एक प्रकारची शाळाच भरत होती. शिकविणारा बहिरा, शिकणारा बहिरा. आणि भाषा पिढीमागून पिढी अधिक समृद्ध होत गेलेली. युरोपात कर्णबधिरांसाठी सार्वजनिक शाळा निघण्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

चित्राची दुसरी बाजू

परंतु इतिहास शिकविणाऱ्याने केवळ गोड तेवढे सांगून चालत नाही. हे दिलसिझ स्वतंत्र नोकरदार नव्हते. ते महालाच्या ताब्यातील सेवक होते. नोकरी सोडून घरी जाण्याची मुभा त्यांना नव्हती. शिवाय ऐकू न येणारा आणि बोलू न शकणारा माणूस गुपित फोडणार नाही, या हिशेबाने त्यांच्यावर अत्यंत निर्घृण कामेही सोपविली जात. 1553 मध्ये सुलेमानाने आपला पुत्र शहजादा मुस्तफा यास एरेग्लीच्या छावणीत बोलावून घेतले आणि तंबूत गळा आवळून ठार करविले. ते काम करणारे हात दिलसिझांचेच होते. परदेशी प्रवाशांनी पुढे या भयकथा मीठमिरची लावून रंगविल्या, आणि दिलसिझ म्हणजे मारेकरी अशीच त्यांची प्रतिमा युरोपात झाली. त्यांची समृद्ध भाषा मात्र विस्मृतीत गेली.

सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की दरबाराने बहिऱ्यांसाठी जागा केली ती दयेपोटी नव्हे आणि न्यायापोटीही नव्हे. त्याला गरज होती म्हणून केली. तरीही त्यातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. मालकाने मनावर घेतले, तर अख्खी कचेरी खुणांची भाषा शिकू शकते. ‘हे शक्यच नाही’ असे म्हणावयाची सोय इतिहासाने आपल्याला ठेवलेली नाही.

कायद्याच्या नजरेत हाताची खूण

गरजेपलीकडे जाऊन न्यायाची भाषा बोलणारा एक धागाही त्याच परंपरेत सापडतो. मुक्या माणसाने समजेल अशी खूण केली तर तिच्यावर व्यवहार करावा की नाही, हा प्रश्न फिक्ह लिहिणाऱ्या विद्वानांनी फार पूर्वीच विचारात घेतला होता. खरेदी-विक्री असो, निकाह असो, मुक्या माणसाची सर्वांना परिचित असलेली खूण ग्राह्य धरावी, असा त्यांचा कौल होता. पुढे 1869 ते 1876 या काळात, अहमद जेवदेत पाशा यांच्या देखरेखीखाली, उस्मानी साम्राज्याची ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्या आरंभी 99 मूलतत्त्वे दिलेली आहेत. त्यांतील 70 व्या कलमाने हाच नियम नोंदविला, की मुक्याच्या परिचित खुणेची किंमत तोंडी बोलण्याइतकीच मानावी.

पालकहो, या एका वाक्याचे वजन लक्षात घ्या. जिची खूण करारात चालते, ती व्यक्ती दुकान चालवू शकते, घर विकत घेऊ शकते, साक्ष देऊ शकते. तिच्यासाठी बोलायला दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही. कामाच्या ठिकाणी पहिली सवलत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी हीच सांगेन: समोरचा माणूस हाताने जे सांगतो ते ‘बोलणे’ आहे, हे आधी मान्य करावे.

मिलानचा ठराव

आता थोडे युरोपकडे वळू. कारण आपल्या देशातील कर्णबधिरांच्या शाळा ज्या विचारांवर उभ्या राहिल्या, ते विचार तिकडून आले. पॅरिसमध्ये 1760 च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांना खुणांच्या साहाय्याने शिकविण्यास आरंभ केला. त्या शाळेत शिकलेले लोराँ क्लेर्क हे स्वतः कर्णबधिर शिक्षक झाले, 1816 मध्ये अमेरिकेस गेले आणि तेथील हार्टफर्ड गावी 1817 मध्ये निघालेल्या शाळेचे आधारस्तंभ ठरले. कर्णबधिर माणूस शिक्षकाच्या खुर्चीत बसू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे मात्र वारे उलटे फिरले. 1880 मध्ये इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. शाळांतून खुणांची भाषा काढून टाकावी आणि केवळ तोंडी बोलण्याचेच शिक्षण द्यावे, असा ठराव तीत झाला. दीडशेहून अधिक प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर असा प्रतिनिधी अवघा एक होता! ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागत होता, त्यांना कोणी विचारलेच नाही. परिणाम काय झाला? शाळाशाळांतून कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले वर्षानुवर्षे एकेक उच्चार घोटत राहिली आणि गणित, विज्ञान, इतिहास मागे पडले. जो शाळेत मागे पडला, तो कामाच्या बाजारातही मागेच राहिला. या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हावयास 2010 साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच मालिकेतील परिषदेने तो व्यक्त केला. मध्ये 130 वर्षे गेली.

टायरच्या कारखान्यातील माणसे

तरीही उद्योगाच्या जगात एक चमत्कारिक गोष्ट घडली. अमेरिकेच्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे गाव आहे. टायरच्या कारखान्यांमुळे ते रबराची राजधानी म्हणून ओळखले जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात टायरची मागणी भरमसाट वाढली आणि तरुण मंडळी सैन्यात गेली. कर्णबधिरांना सैन्यात घेत नसत. तेव्हा गुडइयर आणि फायरस्टोन या कारखान्यांनी त्यांना कामावर घेण्यास सुरुवात केली. बातमी कर्णबधिरांच्या मासिकांतून आणि शाळांतून देशभर पसरली, आणि राज्याराज्यांतून शेकडो कर्णबधिर कामगार अ‍ॅक्रनला येऊन दाखल झाले. तेथे त्यांची मंडळे निघाली, वस्ती वसली. गुडइयरमधील कर्णबधिर कामगारांचा फुटबॉलचा संघही नावाजला गेला.

हे यशस्वी का झाले? एक तर कर्णबधिर कामगार तेथे एकटा पडत नव्हता. शेजारी त्याच्या भाषेचा माणूस होता, नव्याला जुना शिकवीत होता. जसे तोपकापीत, तसेच येथे. दुसरे म्हणजे यंत्रांच्या गोंगाटात ऐकू येणाऱ्याचा कानही निकामीच होता. उलट हातांनी बोलणाऱ्यांचा संवाद बिनबोभाट चाले. अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांतही नेमके हेच घडले. तेथे जुळारी म्हणून कर्णबधिरांनी अनेक पिढ्या काम केले.

मी हे त्या मागवाल्या पालकांना पुढे एकदा सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, “सर, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? आमच्या कारखान्यात या. माग चालू असले की कुणाचं कुणाला ऐकू येतंय? धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं आम्ही हातानंच सांगतो.” वाचकहो, ज्यांच्या गावात माग आहेत त्यांनी हे पाहिलेलेच असेल. गरज पडली की आपण सर्वजण हातांनी बोलू लागतो. मग मागाचा आवाज थांबला की आपले हात का थांबतात?

अ‍ॅक्रनची कथाही पूर्ण गोड नाही. युद्ध संपले, 1920-21 मध्ये मंदी आली आणि अनेकांची कामे गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बोलावणे आले, युद्धानंतर पुन्हा तेच. छापखान्यांतही संगणक आल्यावर ते जुळारीकाम इतिहासजमा झाले. गरजेपोटी मिळालेली जागा गरज सरली की जाते. तोपकापीने जे दाखविले तेच अ‍ॅक्रनने पुन्हा दाखविले. म्हणून प्रश्न गरजेचा न राहता हक्काचा व्हावयास हवा.

दूरध्वनी : एकाला सोय, दुसऱ्याला अडसर

कचेऱ्यांतून कर्णबधिर मागे का पडले, याचे एक कारण तर आपल्या खिशातच आहे. 1876 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दूरध्वनीचे पेटंट मिळविले. बेल यांची आई आणि पत्नी, दोघींनाही ऐकू येत नव्हते. ते स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते आणि तोंडी पद्धतीचे कट्टर पुरस्कर्तेही होते. त्यांच्याच यंत्रामुळे पुढे कचेरीतील प्रत्येक कामाला ‘फोन घेता येतो का?’ ही अट चिकटली. ज्या कामाचा फोनशी फारसा संबंध नाही, त्यालासुद्धा!

या अडसराला पहिले खिंडार पाडले तेही एका कर्णबधिर माणसानेच. रॉबर्ट वाइटब्रेख्त या भौतिकशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये साध्या दूरध्वनीच्या तारेवरून टंकलिखित मजकूर पाठविण्याची सोय तयार केली. म्हणजे ‘बहिऱ्याला फोन जमत नाही’ हे वाक्य खोटे होते. फोनला बहिरा माणूस जमत नव्हता. आज मोबाईलवरचा लेखी निरोप आणि समोरासमोर दिसणारा व्हिडिओ फोन यांमुळे ती अडचण बव्हंशी संपली आहे. संपलेली नाही ती आपली सवय.

आपल्या घरची गोष्ट

आपल्या देशात कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईतच झाला. माझगाव येथील शाळा 1885 च्या सुमारास सुरू झाली, कलकत्त्याची 1893 मध्ये. 1983 मध्ये वांद्रे येथे केंद्र सरकारने राष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव दिले. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरुपद भूषविलेले हे गृहस्थ 1971 पासून 1976 मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. श्रवणचाचणीपासून शिक्षक-प्रशिक्षणापर्यंतची कामे ही संस्था करते. तिच्या दारावरून जाणाऱ्या आपल्यातील कितीजणांना हे ठाऊक आहे?

2011 च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांच्यासाठी कायदाही आहे. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या आणि त्यांतील 1 टक्का श्रवणदोष असलेल्यांसाठी ठेवला. 2016 च्या नव्या कायद्याने एकूण प्रमाण 4 टक्के केले. कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांचा 1 टक्का कायम राहिला. याच कायद्याने प्रत्येक आस्थापनेस समान संधीचे धोरण जाहीर करावयास सांगितले आणि ‘वाजवी सोय’ ही कल्पना आणली. मालकावर अवाजवी भार न पडता जो बदल करता येतो, तो केला पाहिजे, असा तिचा अर्थ. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याने तयार केलेल्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 संज्ञा आल्या. सप्टेंबर 2023 मध्ये तर सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयासमोर दुभाषाच्या मदतीने काम चालविले. जिथे शब्दाशब्दांचा कीस निघतो, तिथे हातांची भाषा चालली; मग किराणा मालाच्या गोदामात ती का चालू नये?

मुंबईतच 2008-09 च्या सुमारास ध्रुव लाक्रा या तरुणाने ‘मिरॅकल कुरिअर्स’ नावाची सेवा सुरू केली. तिची पत्रे आणि पार्सले पोहोचविणारे तरुण कर्णबधिर, कचेरीत ती वर्गवार लावणाऱ्या मुलीही कर्णबधिर. निरोपानिरोपी मोबाईलवरच्या लेखी मजकुराने. मुंबईसारख्या शहरात पत्ता शोधायला डोळे आणि पाय लागतात. कानावाचून काही अडले नाही.

मग करावयाचे काय?

आपल्या समाजात दुकानदार आहेत, गॅरेजवाले आहेत, बेकरीवाले, मागमालक, ठेकेदार आहेत. उद्या आजचे विद्यार्थीही कोणाचे ना कोणाचे साहेब होणार आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी येथे नोंदवितो. यांतील बहुतेकांना दमडी लागत नाही.

कर्णबधिर सहकाऱ्याशी बोलताना त्याच्या समोर, उजेडात उभे राहा. पाठमोरे बोलू नका, तोंडावर हात घेऊ नका. ओरडू नका, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो, कळत काहीच नाही. कामाची सूचना लिहून द्या. सभेत एका वेळी एकानेच बोलावे आणि काय ठरले ते शेवटी सर्वांनाच लेखी द्यावे. त्याचा लाभ ऐकू येणाऱ्यांनाही होतो. धोक्याच्या घंटेबरोबर चमकणारा दिवा लावा. आगीची सूचना फक्त कानांना देणे हा जिवाशी खेळ आहे. मुलाखतीच्या वेळी दुभाषा लागेल का, हे आधीच विचारा. आणि शक्य तर एकाऐवजी दोघांना कामावर घ्या, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कोणी एकटे भिंतीकडे पाहत बसणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कचेरीतील दोघा-तिघांनी तरी थोड्या खुणा शिकाव्यात. तोपकापीतील भावी वजिरांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

पालकांनाही एक विनंती. मूल आवाजाला दचकत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, अशी शंका येताच श्रवणचाचणी करून घ्या. ‘बोलेल उशिराने, याचे आजोबाही उशिरा बोलले होते’ असे म्हणत वर्षे दवडू नका. श्रवणयंत्र लागले तर लाजू नका. आणि यंत्र असो वा नसो, घरात हातांनी बोलण्यास मनाई करू नका. ज्या मुलाला घरातच भाषा मिळाली नाही, त्याला पुढे कोणता मालक भाषा देणार?

तो मुलगा आता दहावीत आहे. मी फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले आहे. त्याच्या वर्गातील मुलांनी हातांची मुळाक्षरे शिकून घेतली आहेत आणि परीक्षेच्या काळात त्या विद्येचा भलताच उपयोग होऊ नये म्हणून आम्हा शिक्षकांनाही ती शिकावी लागली आहेत! त्याला संगणकावर नकाशे आणि आराखडे काढण्याचा नाद आहे. त्याच्या वडिलांना मी आता ‘होईल काहीतरी’ असे सांगत नाही. मी सांगतो, की मुलगा तयार होतो आहे. तयार व्हावयाचे आहे ते आपण.

म्हणून त्यांनी मला विचारलेला प्रश्न आज मी या स्मरणिकेच्या पानावरून तुमच्यापुढे ठेवतो. दोन-तीन वर्षांनी तो तुमच्या दुकानाच्या, कारखान्याच्या किंवा कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहील. हातात प्रमाणपत्र असेल. तो हाताने काहीतरी सांगू लागेल. त्याला काम कोण देणार?

उत्तर तुम्ही द्यावयाचे आहे.